फादर लीव्हन्स : छोटा नागपुरातील दीनांचे कैवारी

वकिलांचे आश्रयदाते म्हणून आपण संत इव्हो ह्यांस मानतो. तेराव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात गोरगरिबांचे दावे विनामूल्य चालविणारे ते धर्मगुरू होते, आणि १९ मे रोजी त्यांचा सण येतो. ज्यांचे चरित्र ह्या ज्युबिलीच्या पुस्तिकेत सांगण्याचे आम्ही योजिले आहे, ते फादर कॉन्स्टंट लीव्हन्स अद्यापि वेदीवर चढलेले नाहीत. शिवाय ते वकीलही नव्हते. काळा डगला अंगावर घालून ते कोणत्याही न्यायासनापुढे कधी उभे राहिले नाहीत. तथापि, छोटा नागपूरच्या रानावनांतील ज्या मुंडा व उरांव लोकांस सरकारी न्यायाची ओळख केवळ दंड, जप्ती आणि तुरुंग ह्यांवरूनच झालेली होती, त्यांस कायदा आपल्याही बाजूने बोलू शकतो असा प्रत्यय ज्यांनी आणून दिला, त्यांत ह्या बेल्जियन येशूसंघीयाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांना त्या मुलखात कामास मिळाली ती अवघी सात वर्षे.

बेल्जियम देशाच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतातील मोर्स्लेडे ह्या गावी एका शेतकरी कुटुंबात एप्रिल १८५६ मध्ये त्यांचा जन्म झाला. घरची भाषा फ्लेमिश. त्या काळी त्या देशात कचेरी, सैन्य व वरच्या शाळा ह्या सर्वांवर फ्रेंच भाषेचे राज्य होते, आणि फ्लेमिश बोलणारा शेतकरी स्वतःच्याच देशात मुका ठरत असे. लीव्हन्स चार वर्षांचे असताना, १८६० साली, शार्लरुआ शहरी दोन फ्लेमिश मजुरांस खुनाच्या आरोपावरून देहान्त शासन झाले. त्यांचा खटला फ्रेंच भाषेत चालला होता व ती भाषा त्यांना नीट समजत नव्हती. ह्या प्रकरणावरून देशात पुढे कित्येक वर्षे हळहळ व संताप होत राहिला, आणि अखेर १८७३ साली फ्लँडर्समधील फौजदारी न्यायालयांत लोकांच्या भाषेस स्थान देणारा कायदा झाला. रूसेलारे येथील ज्या धार्मिक विद्यालयात लीव्हन्स शिकले, तेथूनच मातृभाषेसाठी विद्यार्थ्यांची चळवळ १८७५ च्या सुमारास उठली. बाळपणीच्या ह्या गोष्टींचा त्यांच्या पुढील कार्याशी किती संबंध जोडावा, हे वाचकांनीच ठरवावे. आम्हांस तो अगदी जवळचा वाटतो.

ब्रुज् येथील गुरुविद्यालयात काही काळ घालवून १८७८ साली ते येशूसंघात दाखल झाले व १८८० साली हिंदुस्थानात आले. बंगालचे मिशन त्या वेळी बेल्जियन येशूसंघीयांकडे होते. १८८३ च्या जानेवारीत कलकत्त्यास त्यांना गुरुदीक्षा मिळाली. नंतर काही काळ तेथील सेंट झेव्हिअर्स कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, आणि १८८५ च्या मार्च महिन्यात वरिष्ठांच्या आज्ञेने त्यांनी छोटा नागपूरची वाट धरली.

हा मुलूख म्हणजे आजच्या झारखंड राज्याचा दक्षिणेकडील डोंगराळ पठारी भाग होय. तेथे कॅथोलिक मिशनचा आरंभ काही वर्षे अगोदर झालेला होता. ८ नोव्हेंबर १८७३ रोजी खूंटपाणी ह्या गावी २८ मुंडांनी स्नानसंस्कार घेतला. परंतु त्यानंतर दहाबारा वर्षे ते रोपटे जेमतेम तग धरून राहिले. आलेल्या धर्मगुरूंनी कष्टात काही उणे ठेवले होते असे नाही. ते शाळा काढीत, औषधे देत, लोकांची भाषा शिकत. लोक आदराने ऐकून घेत आणि आपल्या दुःखासह घरी परत जात. ते दुःख कोणते, ह्याचा थांग मात्र लागत नव्हता.

ते दुःख समजण्यासाठी जमिनीची हकिगत थोडी विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. मुंडांच्या वाडवडिलांनी जंगल तोडून गाव वसविले. ज्या कुळाने प्रथम कुऱ्हाड घातली, त्याच कुळाची ती जमीन आणि ते रान. ह्यास तिकडे खूंटकट्टी म्हणतात. ह्या हक्काचा कागद कोणापाशी नव्हता. कुळातील मृतांच्या अस्थी ज्या मोठाल्या शिळांखाली ठेवीत, त्या ससनदिरी नावाच्या शिळा हीच त्यांची सनद. ज्या गावच्या शिळांखाली आपले आजेपणजे निजले आहेत, ते गाव आपले, ह्याहून अधिक पुरावा माणसाने काय द्यावा, असे त्यांस प्रामाणिकपणे वाटत असे. परंतु छोटा नागपूरच्या राजांनी बाहेरून आलेल्या ब्राह्मणांस, शिपायांस व व्यापाऱ्यांस गावेच्या गावे जहागिरी म्हणून वा ठेक्याने दिली. हे नवे धनी हळूहळू जमिनीचे मालक होऊन बसले, आणि मूळचे मालक त्यांची कुळे झाले. त्यांना ते लोक दिकू म्हणत. खंड वाढत गेला. त्याची पावती मिळेना. वर वेठ आली. आपल्याकडे वेठबिगार म्हणतात तीच ही गोष्ट, आणि ठाणे जिल्ह्याच्या वारली पाड्यांत ती १९४५ पर्यंत कशी चालू होती, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असेल. धन्याच्या शेतात नांगर धरावा, पेरावे, कापावे, त्याची ओझी वाहावी, आणि आपले शेत मात्र पावसात तसेच पडून राहावे. १८३१-३२ साली ह्याच जाचास कंटाळून कोल लोकांचा मोठा उठाव झाला व तो रक्तात बुडविण्यात आला.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. १८६९ साली एक कायदा होऊन मूळ वसाहतकारांच्या जमिनींची नोंद करण्यास आरंभ झाला व ते काम १८८० पर्यंत चालले. वीस वर्षांच्या आत ज्यांच्या जमिनी बळकावल्या गेल्या असतील, त्यांना त्या परत मिळाव्यात अशीही त्यात तरतूद होती. कागदावर हे सर्व चांगले होते. परंतु हक्क सांगावयाचा तो मुदतीत, अर्जाने, साक्षीपुराव्यानिशी व कचेरीच्या भाषेत! ज्यांना मुदत म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, ते घरीच राहिले. जे गेले ते कारकुनांच्या प्रश्नांना गोंधळून भलतीच उत्तरे देऊन परतले. १८७९ साली जमीनदार व कुळे ह्यांच्या दाव्यांविषयी दुसरा कायदा झाला. त्याच साली आपल्या दख्खनेत सावकारी पाशातून शेतकऱ्यांस सोडविण्याचा कायदा झाला होता, हे कित्येकांस स्मरत असेल. तो १८७५ च्या दंग्यांनंतर झाला होता. छोटा नागपुरातील नवा कायदा व्यवहारात त्याचाच झाला, ज्यास तो वाचता येत होता. खंड भरूनही पावती नाही. मग थकबाकीचा दावा. समन्स लागले तरी त्यातला मजकूर कळत नाही. म्हणून एकतर्फी हुकूमनामा, आणि त्यामागून बैलांची व भाताची जप्ती. मुंडांचे पुढारी, ज्यांस सरदार म्हणत, ते गावोगाव वर्गणी गोळा करून कलकत्त्यापर्यंत अर्ज नेत. त्या पैशांवर कित्येक मुखत्यारांनी व वकिलांनी आपली घरे भरली, पण त्या अर्जांतून काही निष्पन्न झाले नाही.

लीव्हन्स तेथे आले तेव्हा स्थिती ही अशी होती. प्रथम काही महिने त्यांनी जामगाई येथे राहून मुंडारी भाषा शिकण्यात घालविले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते रांचीपासून ३५-४० मैलांवर असलेल्या तोरपा ह्या गावी राहावयास गेले. ह्या ठिकाणाची निवड पाहून नवल वाटते, कारण तोरपास नाव घेण्यासारखे होते ते एक पोलीस ठाणे. त्या ठाण्यातील लोकांशी त्यांचे येणेजाणे व बोलणे होऊ लागले, आणि तेथेच त्यांस आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ह्या लोकांवर जुलूम कसा होतो, खोट्या फिर्यादी कशा रचल्या जातात, वाढीव खंड व वेठ कोठवर कायद्याने योग्य व कोठून पुढे बेकायदा, हे पोलिसांस पक्के ठाऊक होते. ज्यांच्यावर जुलूम होत होता, त्यांस मात्र त्यातले काही ठाऊक नव्हते. मिशनऱ्याने रोग्याच्या नाडीवर बोट ठेवण्यास पोलीस ठाण्यात शिकावे, ही ईश्वरी योजनेतील एक गंमतच म्हटली पाहिजे.

मग लीव्हन्स ह्यांनी जमिनीविषयीचे कायदे पैदा केले व ते अभ्यासिले. केवळ छापील कायदा पाहून ते थांबले नाहीत. गावच्या म्हाताऱ्यांपाशी बसून जुन्या चालीरीतीही त्यांनी समजून घेतल्या. कारण दावा उभा राहतो तो ह्या दोहोंच्या सांध्यावर. तोरपाच्या त्यांच्या झोपडीपुढे लोकांची रीघ लागू लागली. ह्या ठिकाणी त्यांची कामाची पद्धत नीट सांगावीशी वाटते, कारण त्यांच्या यशाचे मर्म तीत आहे. तक्रार घेऊन आलेल्या माणसास ते प्रथम उलटसुलट प्रश्न विचारीत, आणि त्याचे गाऱ्हाणे खोटे अगर फुगविलेले आढळले तर त्यास परत पाठवीत. कायदेशीर खंड आहे तो दिलाच पाहिजे, असे ते बजावीत. पण त्याची पावती मागून घ्या, आणि पावती मिळाल्यावाचून पैसा हातचा सोडू नका, असेही शिकवीत. बेकायदा वेठीस जाण्याचे कारण नाही, हे ते सांगत. जो दावा खरा व लढविण्याजोगा वाटे, त्याची कैफियत नीट लिहवून ते रांचीच्या कचेरीकडे पाठवीत, आणि तेथे ह्या लोकांच्या बाजूने बोलण्यास वकिलाची योजना करीत. आपल्या धर्मशिक्षकांसही त्यांनी ह्या कामात तयार केले. कोठे कोणावर समन्स निघाले, कोणाची जनावरे नेली, हे गावोगावहून ते कळवीत असत.

पहिले काही दावे जिंकले गेले, आणि ती बातमी वणव्यासारखी पसरली. कचेरीत मुंडा जिंकू शकतो! ज्या देशात न्यायाधीशापुढे उभे राहिल्याबरोबर गरीब माणसाची बोबडी वळावी व त्याचे मौन हेच त्याच्या अपराधाचे प्रमाण ठरावे, तेथे ही बातमी किती मोठी होती ह्याची कल्पना आज आपणांस येणे कठीण आहे. खेड्यांमागून खेडी तोरपाकडे चालत आली. एकेक गाव आपल्या पंचांसह येऊन ख्रिस्ती धर्म शिकण्याची इच्छा दाखवू लागले, आणि लीव्हन्स घोड्यावर बसून दिवसरात्र ह्या गावाहून त्या गावास धावू लागले. १८८८ साली साऱ्या मिशनची सूत्रे त्यांच्या हाती आली व ते रांचीस राहू लागले. १८८९-९० च्या सुमारास ही लाट पश्चिमेकडील बरवे परगण्यातील उरांव लोकांत पोचली, आणि तेथे थोड्या आठवड्यांत हजारोंनी स्नानसंस्कार झाले.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो, आणि आपल्याच धर्मबंधूंसाठी लिहीत असलो तरी तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दावा जिंकण्यासाठी धर्मांतर, असा हा सौदा होता काय? त्या काळी जमीनदारांनी तसा आरोप केला, सरकारी अधिकाऱ्यांनी तशी शंका घेतली, आणि जर्मन लुथेरन मिशनऱ्यांसही हा प्रकार रुचला नाही. लुथेरनांविषयी इतके सांगितलेच पाहिजे की, ते त्या मुलखात १८४५ पासून होते व गरिबांच्या जमिनीचा कैवार घेण्याचा पहिला मान त्यांचा आहे. त्यांच्याकडील कित्येक कुटुंबे लीव्हन्सकडे आली, तेव्हा त्यांस वाईट वाटले असेल तर ते स्वाभाविकच होय. आमच्या मते खरी गोष्ट अशी की, लोक प्रथम आले ते न्यायाच्या आशेने, हे लीव्हन्स जाणून होते आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. ज्यास स्वतःचे शेत राखता येत नाही, त्यास परमेश्वर पित्यासारखा आहे हे कोणत्या तोंडाने सांगावे, असा त्यांच्यापुढील पेच होता. परंतु इतक्या घाईने इतक्या लोकांस पाण्याखाली आणताना शिकवण मागे पडली, आणि पुढे त्याचे फळ त्यांच्या सहकाऱ्यांस भोगावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

प्रतिकारही मोठा झाला. पावती मागणाऱ्या कुळावर चोरीची फिर्याद, वेठीस नकार देणाऱ्यावर दंगा केल्याचा आळ, असे प्रकार सुरू झाले. पुष्कळ धर्मशिक्षक व नवख्रिस्ती तुरुंगात गेले. अधिकाऱ्यांपैकी कित्येकांस हा परका धर्मगुरू प्रजेस चिथावून शांततेचा भंग करीत आहे असे वाटू लागले. वाद रांचीहून कलकत्त्यापर्यंत पोचला. काही दावे हरले. आणि दावा हरला की ज्यांची श्रद्धा दाव्यापुरतीच होती ते लोक परत फिरत. लीव्हन्स ह्यांनी आपले वकील, आपले अर्ज व आपला घोडा काही सोडला नाही, पण देहाने मात्र त्यांस साथ दिली नाही. पावसात भिजणे, मिळेल ते खाणे, जेथे रात्र पडेल तेथे निजणे ह्यांचा परिणाम होऊन त्यांस क्षयाने गाठले. हिमालयाच्या पायथ्याशी थंड हवेत काही काळ विश्रांती घेऊन ते पुन्हा रांचीस आले. परंतु तो सुधार टिकला नाही. १८९२ साली त्यांना युरोपास परत धाडण्यात आले, आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी लूव्हां शहरी त्यांचा अंत झाला. वय ३७ वर्षांचे होते.

ते गेल्यावर काय झाले? पुष्कळशा गावांत पुन्हा पूर्वीचेच दिवस आले. एका माणसाच्या परिश्रमाने शेकडो दावे लढविता येतात, पण कायदाच अपुरा असेल तर शेकडोंच्या मागे उभे असलेले हजारो लोक तसेच राहतात. सरदारांची मिशनांवरील आशा मावळली. १८९५ साली बिरसा मुंडा ह्या तरुणाने, जो स्वतः लहानपणी ख्रिस्ती शाळेत शिकला होता, आपल्या लोकांस सरकार, जमीनदार व मिशनरी ह्या सर्वांविरुद्ध उठविले. १८९९ च्या नाताळच्या सुमारास त्याच्या अनुयायांनी शस्त्रे उचलली, आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात तो मरण पावला. त्या उठावास नुसते बंड म्हणून बाजूस सारणे आम्हांस बरोबर वाटत नाही. ज्यांचे अर्ज तीस वर्षे कोणी वाचले नाहीत, त्यांचे ते म्हणणे होते.

लीव्हन्सचे अपुरे राहिलेले काम दुसऱ्या एका येशूसंघीयाने वेगळ्या मार्गाने पुढे नेले. ते म्हणजे जर्मन फादर जॉन हॉफमन. मुंडारी भाषेचा इतका मोठा पंडित युरोपियनांत दुसरा झाला नाही; त्यांचा मुंडारी ज्ञानकोश आजही विद्वानांच्या उपयोगी पडतो. लीव्हन्स एकेक दावा लढवीत गेले. हॉफमन ह्यांनी दावा जेथून उत्पन्न होतो त्या कायद्यालाच हात घातला. मुंडांच्या जमीनव्यवस्थेचा वृत्तान्त त्यांनी सरकारपुढे मांडला, खूंटकट्टी म्हणजे काय हे अधिकाऱ्यांस समजावून दिले. १८९७ साली वेठीच्या ऐवजी रोख रक्कम ठरविण्याचा कायदा झाला. १९०२ ते १९१० ह्या काळात रांची जिल्ह्याची मोजणी होऊन प्रत्येकाचा हक्क लिहिला गेला. आणि १९०८ साली छोटा नागपूर कुळकायदा मंजूर झाला, ज्याच्या घडणीत हॉफमन ह्यांचा मोठा वाटा होता. आदिवासीची जमीन बाहेरच्या माणसाच्या घशात सहजासहजी जाऊ नये ह्यासाठी त्याच्या ४६ व्या कलमात जी बंधने घातली आहेत, ती त्या प्रदेशात आजही जिवाभावाची मानली जातात. २०१६ साली हा कायदा शिथिल करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा लोकांनी असा विरोध केला की, दुसऱ्या वर्षी तो मागे घ्यावा लागला. हॉफमन ह्यांनी १९०९ साली रांचीस सहकारी पतपेढीही काढली. कारण कायद्याने राखलेले शेत सावकाराच्या वहीतून जाऊ लागले तर ते राखण्यात अर्थ काय? पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मन म्हणून सरकारने त्यांस देशाबाहेर घालविले, आणि १९२८ साली ते ट्रियर येथे वारले.

आपल्या देशाच्या राज्यघटनेत १९७६ साली ३९-अ हे कलम घालण्यात आले. गरिबीमुळे कोणी न्यायास मुकू नये म्हणून विनामूल्य कायदेशीर साह्य देण्याचे कर्तव्य त्याने राज्यावर सोपविले. त्याप्रमाणे १९८७ साली विधिसेवा प्राधिकरणाचा कायदा झाला व १९९५ साली तो अमलात आला. आता प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात त्याचे कार्यालय असते, आणि स्त्रिया, बालके, अनुसूचित जातीजमातींची माणसे व तुरुंगातील बंदी ह्यांस, उत्पन्न कितीही असले तरी, तेथे फुकट वकील मागता येतो. आपल्या धर्मग्रामातील किती घरांस हे ठाऊक आहे, असा प्रश्न हे चरित्र लिहिताना आमच्या मनात वारंवार येत होता. मिठागरांत, वीटभट्ट्यांवर व बंगल्यांत मोलमजुरी करणारी आदिवासी कुटुंबे आपल्या शेजारीच राहतात, आणि तोरपाच्या पोलिसांप्रमाणे आपणांसही त्यांच्याविषयी पुष्कळ काही ठाऊक असते.

मोर्स्लेडे गावी फादर लीव्हन्स ह्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. २००१ साली त्यांना संतपद मिळावे म्हणून चौकशीस आरंभ झाला. ते ज्या उरांव लोकांत हिंडले, त्यांच्यापैकीच एक, रांचीचे महागुरू तेलेस्फोर टोप्पो, २००३ साली कार्डिनल झाले. आणि लूव्हांच्या भूमीत निजलेल्या फादरांस त्यांची माणसे विसरली नव्हती. मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, १९९३ साली, त्यांच्या अस्थी बेल्जियमहून आणून रांचीच्या कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. ज्या लोकांत कुळाच्या अस्थी जेथे असतील ती भूमी कुळाची मानतात, त्यांनी अशा रीतीने ह्या परदेशी माणसास आपल्या शिळांखाली घेतले.